अंगण खरंच वाकडं होतं

हे लिहावं की नाही यात दोन आठवडे गेले. विषय टीव्हीचा, त्यातही गेम खेळायच्या टीव्हीचा, आणि लिहिणारा पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ. नातेवाईक मंडळी इथे अधूनमधून डोकावतात हे मला माहीत आहे (मावशी, नमस्कार!) आणि त्यांच्या भुवया वर जाणार हेही माहीत आहे. "याला अजून खेळायचंय?" हो, खेळायचंय. आणि आज जरा भांडायचंही आहे.

तर झालं असं की २०२१ च्या दिवाळीत आमचा जुना ३२ इंची टीव्ही वारला. नऊ वर्षं इमानेइतबारे चालला, शेवटच्या आठवड्यात पडद्यावर उभ्या रेघा यायला लागल्या, आणि वसुबारसेला गेला. बाबांच्या बातम्या, आईच्या मालिका, मुलीची कार्टून्स सगळं एकदम बंद. घरात सुतक. भावोजींनी फोनवरच फर्मान काढलं, "५५ इंची घे, फोरके घे, ऑफर चालू आहे. टीव्ही शेवटी टीव्हीच असतो, जास्त विचार करू नकोस." मी विचार केला नाही. दोन दिवसांत भिंतीवर ५५ इंच चढले.

भाऊबीजेला ताई, भावोजी आणि भाचेराव आले. भाचेराव तेव्हा बारा वर्षांचे. आमचा दोघांचा एक जुना रिवाज होता. जेवणं झाली, मोठी माणसं सुपारी कातरत गप्पांना बसली, की आम्ही प्लेस्टेशन लावून क्रिकेट खेळायचो. तो भारत, मी समोर जो कोणी असेल तो. जुन्या टीव्हीवर हा मुलगा मला धुऊन काढायचा. बॅटिंगला हात इतका सरळ की मी यॉर्कर टाकून थकायचो.

त्या दिवशी पहिल्या चेंडूवर त्याचा त्रिफळा. पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या चेंडूवर पुन्हा त्रिफळा. प्रत्येक वेळी पडद्यावर लिहून यायचं, "लेट". चौथ्यांदा बाद झाल्यावर त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मामा, हा टीव्ही लेट आहे. मी बरोबर दाबतोय."

आणि मी, शहाणा मामा, नव्या टीव्हीचा नवा मालक, म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले. भावोजींना ते इतकं आवडलं की जाताना जिन्यात पुन्हा म्हणून दाखवलं. पोराचे कान लाल झालेले मला दिसले होते. तेव्हा मजा वाटली होती.

त्यानंतर भाचेराव आमच्याकडे आले की मोबाईल काढून कोपऱ्यात बसायला लागले. खेळायचं का विचारलं तर "नको मामा, तू खेळ." मी म्हटलं, मोठा झाला, मामाचं आकर्षण संपलं, चालायचंच. आणि गंमत म्हणजे मीही खेळेनासा झालो. मलाही चेंडू लागत नव्हते. पण माझ्याकडे त्याच्यापेक्षा चांगलं कारण होतं. वय! चाळिशी उलटून गेलेली, चष्म्याचा नंबर वाढलेला, बोटं मंदावली असणार. बायको म्हणाली, "आता पुस्तकं वाचा." मी जिथे घाई नसते असे गेम खेळायला लागलो. शेती करा, मासे पकडा, गोष्ट ऐका. २०२३ मध्ये नवं प्लेस्टेशन घेतलं आणि जुनं भाच्याला देऊन टाकलं, तेही एखाद्या निवृत्त खेळाडूने बॅट दान करावी तशा मोठेपणाने.

मे २०२४ मध्ये ताईकडे चार दिवस राहायला गेलो. भाच्याने ते जुनं प्लेस्टेशन त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर २४ इंची कॉम्प्युटर मॉनिटरला जोडलेलं. तोच क्रिकेटचा गेम. तो क्लासला गेलेला. सहज बसलो आणि पन्नास मारले. मग पुन्हा पन्नास. चाळिशी, चष्मा, बोटं, सगळं तेच होतं. अंगण तेवढं बदललं होतं.

इथे माझ्या पोटात जे झालं ते सांगता येणार नाही. तीन वर्षांपूर्वीचे लाल कान आठवले.

घरी येताना तो मॉनिटर उसना घेऊन आलो. ("मामा, कशाला हवाय?" "आहे काम.") मग एक उद्योग केला. हा कोणालाही घरी करता येतो आणि पैसे लागत नाहीत. मोबाईलवर स्लो मोशन असतं, त्यात सेकंदाला २४० चित्रं निघतात. म्हणजे एक चित्र साधारण ४ मिलिसेकंदांचं. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) कॅमेऱ्यात कंट्रोलर पकडलेला अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा मोबाईल टेकवायचा, बटण दाबायचं, आणि नंतर एकेक चित्र पुढे सरकवत मोजायचं की अंगठा खाली गेल्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंत किती चित्रं गेली. मी दहा-दहा वेळा मोजलं. कन्सोल तोच, गेम तोच, कंट्रोलर तोच, वायरही तीच. मॉनिटरवर सरासरी १८ चित्रं. माझ्या ५५ इंची फोरके टीव्हीवर ४१.

फरक २३ चित्रांचा. म्हणजे जवळजवळ ९६ मिलिसेकंद. मॉनिटरवरच्या १८ चित्रांमध्ये कंट्रोलरचा आणि खुद्द गेमचा वेळ आलाच, तो कुठेही लागणार. वरचा हा जवळजवळ दशांश सेकंद मात्र शुद्ध टीव्हीचा.

दशांश सेकंद म्हणजे काय असं कोणी म्हणेल. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. त्यातला पाचवा हिस्सा टीव्हीने आधीच खाल्ला. चेंडू दिसतो तेव्हा तो दिसतोय तिथे नसतोच. आणि बारा वर्षांच्या पोराने हे मोबाईल न टेकवता, चित्रं न मोजता, चार चेंडूंत ओळखलं होतं.

आता हा वेळ टीव्ही करतो काय? सिनेमा दाखवताना टीव्हीला घाई नसते. आलेलं चित्र तो हातात घेऊन बसतो, त्यावरचे ठिपके पुसतो, कडा कोरतो, रंग चढवतो. काही टीव्ही तर दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने तिसरं चित्र बनवून घालतात, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. आता मधलं चित्र बनवायचं तर पुढचं चित्र आधी हातात यायला हवं, म्हणजे थांबणं आलंच. आवाजही तेवढाच मागे ठेवला की सिनेमा बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मालिकेतली सासू दशांश सेकंद उशिरा रागावली तर कोणाचं काय बिघडलं? पण गेममध्ये पडदा तुम्हाला प्रश्न विचारतो आणि तुमच्या उत्तराची वाट बघत नाही.

ही थाप नव्या जमान्याची आहे बरं का. लहानपणी सुट्टीत आम्ही तासाच्या भाड्याने व्हिडिओ गेम आणायचो. त्यात बदकं मारायची बंदूक असायची. ती बंदूक म्हणजे खरं तर नुसता डोळा. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, आणि बंदुकीला तो उजेड त्याच क्षणी दिसला तर बदक मेलं. हे जमायचं कारण त्या काचेच्या डब्बा टीव्हीत सिग्नल आला की किरण तिथल्या तिथे पडद्यावर चित्र काढत जायचा, विचार करत बसायचा नाही. आजच्या सपाट टीव्हीला ती बंदूक जोडली तर एक बदक मरणार नाही. (आमच्या वाड्यातल्या एका काकांनी तेव्हाही एक बदक मारलं नव्हतं, पण तो विषय वेगळा.)

माझ्या टीव्हीत 'गेम' नावाचा मोड होता. तो शोधायला सेटिंगच्या चार पायऱ्या उतराव्या लागल्या. लावला. रंग भडक झाले, गवत पोपटी झालं. पुन्हा मोजलं. ४१. म्हणजे गेम मोड हे फक्त रंगाच्या एका डब्याचं नाव होतं! चांगल्या टीव्हीत हा मोड लावला की वरची सगळी रंगरंगोटी बंद होऊन उशीर १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. माझ्यात नुसती पाटी लावलेली. गाईचं दूध असं लिहून पिठाचं पाणी विकलं तर अन्न खात्याचा माणूस तरी येतो.

आता मूळ भांडणाकडे येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जो आकडा गेम खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतो, तो टीव्हीच्या खोक्यावर छापत नाहीत. बाकी सगळं छापतात.

गेल्या वर्षी नवीन टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हा मी दुकानं पालथी घातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालेला, त्यामुळे दुकानांत जत्रा. मोठं वातानुकूलित दुकान, भिंतभर टीव्ही, प्रत्येकावर तोच पोपट, तोच धबधबा, तीच पाण्यात पडणारी स्ट्रॉबेरी. एकालाही कन्सोल जोडलेला नाही. विक्रेता तरुण, नम्र, टायवाला. मी विचारलं, "बटण दाबल्यापासून चित्र यायला किती वेळ लागतो?" तो क्षणभर थांबून म्हणाला, "सर, वन एमएस!"

हे वन एमएस प्रकरण नीट समजून घ्या, कारण इथेच फसायला होतं. तो आकडा असतो एका ठिपक्याला एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणाऱ्या वेळाचा. आधी टीव्हीच्या पोटात चित्र किती वेळ रेंगाळलं याच्याशी त्याचा संबंध नाही. पोस्टमनने पत्र दारातून एका सेकंदात आत टाकलं म्हणून ते मुंबईहून एका सेकंदात आलं असं होत नाही ना!

मग त्याने 'मोशन रेट २४०' दाखवला. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, आणि वर कंपनीने स्वतःच्या मापाने काढलेला आकडा. मग एचडीआरचा स्टिकर. त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल कळतो. तो दाखवण्याइतका उजेड पडद्यात आहे असा त्याचा अर्थ नाही. स्वस्त टीव्ही जेमतेम ३०० निट्सपर्यंत जातात आणि एचडीआरची चित्रं १००० निट्सच्या हिशेबाने सर्रास बनवलेली असतात. मग ८के. यावर मी फार बोलत नाही. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावरसुद्धा ८के छापलेलं होतं, आणि २०२४ मध्ये ते गुपचूप नाहीसं झालं.

एचडीएमआय २.१ ची कथा तर तमाशाच्या वगात घालावी अशी. कन्सोलवरून फोरके चित्र सेकंदाला १२० वेळा आणायचं तर ही जास्त रुंद वाट लागते. जुन्या २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, नव्याची ४८ पर्यंत. लोक म्हणाले, वा, आता खोक्यावर २.१ वाचलं की झालं. पण डिसेंबर २०२१ मध्ये परवाने देणाऱ्या संस्थेकडूनच स्पष्ट झालं की २.० हा प्रकार आता वेगळा धरला जात नाही, आणि २.१ मधल्या या सगळ्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. म्हणजे एकही सोय न देता २.१ लिहिता येतं! ज्यांनी खरोखर दिल्या, त्यांच्यातही कित्येकांनी चार भोकांपैकी दोनच पूर्ण वेगाची ठेवली, आणि त्यातलंच एक साऊंडबारसाठी. उरलं एक. दोन कन्सोल असतील तर मागे हात घालून वायरी बदलत बसा.

मी हे सगळं घरी बोललो तेव्हा मला जी उत्तरं मिळाली ती माझ्याकडे लिहून आहेत.

पहिलं भावोजींचं. "खेळणं आहे रे ते. एवढं काय?" भावोजी, तुम्ही कॅरम खेळता. पावडर कोणती, स्ट्रायकर कितीचा, बोर्ड एका बाजूला उतरता आहे का, हे बघायला तुम्ही गोटी सोडून बघता. बोर्ड उतरता निघाला तर तुम्ही समोरच्याला "नाचता येईना" म्हणता का? खेळ आहे म्हणूनच अंगण सपाट लागतं. मालिका बघायला उतारही चालतो.

दुसरं उत्तर जरा शहाण्या लोकांचं. "सामान्य गिऱ्हाइकाला आकडे कळत नाहीत, म्हणून छापत नाहीत." हे मला सगळ्यात जास्त लागतं. ज्या देशात माणूस गाडी घेताना आधी मायलेज विचारतो आणि फ्रीज-एसीवरचे तारे मोजतो, तिथे गिऱ्हाइकाला आकडे कळत नाहीत? मोबाईलचंच बघा. पंधरा हजारांच्या फोनच्या जाहिरातीत टच सॅम्पलिंग किती हर्ट्झ ते लिहिलेलं असतं. म्हणजे बोटाचा स्पर्श सेकंदाला किती वेळा तपासला जातो तो आकडा. पोरं तो वाचून फोन घेतात. पंधरा हजारांच्या फोनवर जमतं ते ऐंशी हजारांच्या टीव्हीवर का जमू नये? न कळणाऱ्या गिऱ्हाइकापायी लपवलेला हा आकडा नाही. कळला तर भिंतीवरचे निम्मे टीव्ही विकले जाणार नाहीत, ही भीती आहे.

सिनेमावाल्यांचं बघा कसं पटकन ऐकलं गेलं. त्या गुळगुळीत हालचालीमुळे सिनेमा मालिकेसारखा दिसतो म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने स्वतः व्हिडिओ करून लोकांना सांगितलं की टीव्हीतलं हे बंद करा. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, कंपन्यांच्या संघटनेने फिल्ममेकर मोड जाहीर केला. न्यायाने सांगायचं तर आपल्यासाठीही एक चांगली सोय आली आहे. कन्सोल स्वतः टीव्हीला कळवतो की गेम सुरू झाला, आता तुझी रंगरंगोटी थांबव, आणि टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. पण ती कोणत्या टीव्हीत आहे आणि असली तरी उशीर किती उरतो, हे पुन्हा खोक्यावर नाही.

आता थोडं स्वतःच्या लोकांशी. गेम खेळणाऱ्या मंडळींना सल्ला विचारला तर एकच उत्तर येतं. ओलेड घे, १२० हर्ट्झ घे, त्याच्या खाली कचरा. माझं याच्याशीही पटत नाही. कन्सोलवरचे बहुतेक गेम आजही सेकंदाला ३० नाहीतर ६० चित्रांवर चालतात. १२० वाले मोजके, आणि त्यातले बरेच चित्राचा दर्जा उतरवून तिथे पोचतात. ज्याचं बजेट तीस-पस्तीस हजार आहे त्याने १२० च्या नादाने कर्ज काढू नये. ६० हर्ट्झचा, पण खरा गेम मोड असलेला, कमी उशिराचा टीव्ही शोधावा. दहा-पंधरा मिलिसेकंदांवर तो सुखाने खेळेल. चांगलं काय आहे ते लाखाच्या वर असेल तरच खरं, असं सांगणारे आणि टायवाला विक्रेता यांच्यात मला फरक दिसत नाही.

ओलेडचं काळं मात्र काळंकुट्ट असतं, ते मान्य. मीही भाळलो होतो. पण आमच्या घरी बाबा आहेत. बाबा सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ बातम्या बघतात, एकाच चॅनेलवर. खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, बाजूला ब्रेकिंग. ओलेडवर रोज तासन्तास तेच चित्र एका जागी राहिलं तर कालांतराने त्याचा डाग उरू शकतो. लोक गेममधल्या धावफलकाला घाबरतात, मी निवेदकाला घाबरतो. म्हणून ओलेड रद्द. बाबांना बातम्या कमी बघा म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

शेवटी काय केलं सांगतो. प्लेस्टेशन पिशवीत घातलं, मोबाईलचा स्टँड घेतला आणि दुकानात गेलो. पहिल्या दुकानात "सर, बाहेरचं डिव्हाइस अलाऊड नाही." दुसऱ्या ठिकाणी मॅनेजरने पिशवीकडे असं बघितलं की मी स्वतःच निघालो. तिसरं दुकान लहान, काउंटरवर विशीतला मुलगा. मी सगळं समजावायला सुरुवात केली तर त्याने मध्येच तोडलं. "सर, लॅग बघायचाय ना? मी बीजीएमआय खेळतो. लावा." टीव्हीच्या मागे हात घालून वायर त्यानेच लावली. मी अंगठा दाबत होतो, तो चित्रं मोजत होता, मागे दोन-तीन गिऱ्हाइकं काय चाललंय म्हणून उभी. सारख्याच किमतीचे, शेजारी शेजारी ठेवलेले दोन टीव्ही. दोघांवर तेच स्टिकर, तोच पोपट. एकाचा आकडा २७ आला, दुसऱ्याचा १९. त्या मुलाने २७ वाल्याकडे बघून एक शिवी हासडली. "सर, हाच जास्त जातो."

१९ वाला घेतला. ओलेड नाही, ५५ इंची, १२० हर्ट्झ. कारण त्या किमतीत मिळत होता म्हणून. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मॉडेल दरवर्षी बदलतं, आणि एकाच कंपनीचा एक टीव्ही चांगला आणि दुसरा वाईट असतो. मोबाईल घेऊन जा आणि मोजा. मोजू देत नसतील तर पुढच्या दुकानात जा. टीव्हीचं माप घेणाऱ्या परदेशी साइट्सवर आकडे सापडतात, पण इथे विकलं जाणारं मॉडेल तिथलंच असेल याची खात्री नसते.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज झाली. भाचेराव आता सोळा वर्षांचे, अकरावीत, मिशी फुटलेली, क्लासच्या ओझ्याने खांदे पडलेले. ओवाळणं झालं, जेवणं झाली. मी म्हटलं, "एक मॅच?" तो म्हणाला, "मामा, साडेचारला टेस्ट सिरीज आहे." मग टीव्हीकडे बघून म्हणाला, "नवीन?"

मी त्याला ४१ आणि १८ ची गोष्ट सांगितली. मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला, अंगठा आणि पडदा. आणि म्हटलं, तेव्हा तू बरोबर होतास, मी सगळ्यांसमोर तुला हसलो, माझं चुकलं. भावोजी शेजारीच होते, ते पेपर वाचायला लागले.

तो व्हिडिओ दोनदा बघून म्हणाला, "मी तेव्हाच बोललो होतो." बस, एवढंच. मला वाटलं होतं विसरला असेल. विसरला नव्हता.

साडेचारला अजून पाऊण तास होता. त्याने कंट्रोलर उचलला आणि दुसरा माझ्याकडे टाकला. पहिली बॅटिंग माझी. दोन चेंडू बरे खेळलो, एक चौकारही गेला. तिसऱ्याला त्याने यॉर्कर टाकला आणि माझा मधला स्टंप उडाला. पडद्यावर आलं, "लेट".

मी टीव्हीकडे बघितलं. भाच्याने माझ्याकडे बघितलं. भावोजी पेपराआडून काहीतरी म्हणणार होते, ताईने त्यांच्या पुढ्यात चकलीची ताटली सरकवली.